वॉचलिस्टवर नाव, तरीही रायफल?

हडसनकाठ: काल इथे एकाने लिहिलं, "अमेरिकेत ज्याला विमानात चढू देत नाहीत, त्याला रायफल मिळते. यादी बघून नकार द्या, संपला विषय." विषय संपत नाही! ही दहशतवादाच्या संशयितांची सरकारी यादी (वॉचलिस्ट) आहे, दोषी ठरलेल्यांची नाही; विमानबंदीची 'नो-फ्लाय' हा तिचाच भाग. वाजवी संशय एवढ्यावर एजंट नाव सुचवतो, न्यायाधीशापुढे कागद जातच नाही. रहिना इब्राहिम प्रकरण बघा. एफबीआय एजंटने फॉर्म चुकीचा भरला आणि स्टॅनफर्डची पीएचडीची विद्यार्थिनी नो-फ्लायवर गेली. 2005 मध्ये विमानतळावर बेड्या पडल्या, निकाल लागला 2014 मध्ये. अशा यादीवर घटनेने दिलेला हक्क काढून घ्यायचा?

मृणाल_ट: एक प्रकरण सांगता, आकडे गाळता. फेब्रुवारी 2004 पासून निक्सची, म्हणजे बंदूक विकण्याआधी ग्राहकाची पार्श्वभूमी तपासणाऱ्या एफबीआयच्या यंत्रणेची, प्रत्येक चौकशी वॉचलिस्टशी ताडली जाते. 2015 अखेरपर्यंत 2,477 वेळा नाव जुळलं आणि 2,265 वेळा विक्रीला परवानगी मिळाली, म्हणजे 91 टक्के. नाव जुळलं की 'डिले' पडतो, म्हणजे विक्री तात्पुरती थांबते, एफबीआयला खबर जाते. पण कोणाला बंदूक बाळगता येत नाही हे ठरवणाऱ्या फेडरल कलम 922(जी)मध्ये बसणारं कारण सापडलं नाही तर 'प्रोसीड', म्हणजे परवानगीच द्यावी लागते.

हडसनकाठ: आणि नकार दिला की संशयिताला आयतं कळतं की आपल्यावर पाळत आहे. तपास तिथेच बोंबलतो. शिवाय ऑरलँडोचा हल्लेखोर मतीन याचं नाव 2013-14 मध्ये यादीत होतं, तपास बंद झाल्यावर काढलं. जून 2016 मध्ये हल्ल्याआधी त्याने शस्त्रं घेतली तेव्हा ते नव्हतंच. सॅन बर्नार्डिनोत हल्ला करणारं जोडपं यादीत नव्हतं, रायफली तर मित्राने घेऊन दिल्या होत्या. तुमचा कायदा कोणाला अडवणार होता?

मृणाल_ट: मतीनला! सिनेटर फाइनस्टाइनबाईंच्या 2016 च्या दुरुस्तीत मागच्या पाच वर्षांत दहशतवादाच्या तपासात आलेल्यांची खरेदी न्याय खात्याच्या नजरेला आणायची सोय होती. सिनेटमध्ये ती 47 विरुद्ध 53 ने पडली. अर्धी माहिती देऊन लोकांना घाबरवू नका.

सह्यकडा: यादीवरून भांडताय, पण खरं भोक कामकाजाच्या तीन दिवसांचं आहे. गुरुवारी 'डिले' आला तर शुक्रवार, सोमवार, मंगळवार मोजायचे. उत्तर नाही आलं तर बुधवारी डीलर कायदेशीरपणे बंदूक देऊ शकतो. चार्ल्स्टनमध्ये नऊ माणसं मारणाऱ्याला ती अशीच मिळाली. त्याची आधीची अटक नेमकी कोणत्या पोलिसांकडे नोंदली आहे, हेच तपासणाऱ्याला वेळेत सापडलं नाही. 2022 च्या कायद्याने 21 वर्षांखालच्यांसाठी मुदत कामकाजाच्या दहा दिवसांपर्यंत वाढू शकते. बाकीच्यांना का नाही?

एडिसनकर: कारण बरेच 'डिले' निव्वळ नामसाधर्म्याचे! आपल्याकडे तेच नाव, तेच आडनाव हजारोंचं. ज्यांना वारंवार अडकवतात त्यांनी एफबीआयच्या व्हॉलंटरी अपील फाइलसाठी अर्ज करावा, बोटांचे ठसे द्यावेत. यूपीआयएन हा ओळख क्रमांक मिळतो, तो पुढच्या वेळी 4473 या बंदूक खरेदीच्या फॉर्मवर लिहायचा. त्याच फॉर्मवर सोशल सिक्युरिटी क्रमांक ऐच्छिक आहे, पण भरला तर गोंधळ कमी होतो.

सह्यकडा: म्हणजे सरकारच्या चुकीसाठी निरपराध माणसाने ठसे देऊन यायचं? कमाल आहे!

एडिसनकर: मग दहा दिवस तरी कशाला मागता? निरपराधांनाच थांबावं लागेल. आधी स्वतःचं ठरवा. आणि एच-1बी व्हिसावाल्यांनो, शिकारीच्या वैध परवान्यासारखा अपवाद लागू नसेल तर तुम्हाला बंदूक घेताच येत नाही. हे न बघता फॉर्म भरू नका, खोटं उत्तर हा फेडरल गुन्हा आहे.

मृणाल_ट: एडिसनकर, तुमच्या न्यू जर्सीत 2013 पासून यादीवरच्या माणसाला बंदुकीचा परवाना नाकारायचा कायदा आहे. आकाश कोसळलं का?

हडसनकाठ: न कोसळल्याने यादी बरोबर ठरत नाही. 2014 मध्ये लतीफ खटल्यात ओरेगनच्या न्यायाधीशांनी नो-फ्लायची तक्रार-प्रक्रिया घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर कुठे अमेरिकी नागरिकांना 'नाव आहे की नाही' एवढं सांगायला लागले. बंदुकीच्या बाजूची संघटना एनआरए आणि एरवी तिच्या विरुद्ध टोकाची नागरी हक्कांची संघटना एसीएलयू, दोघींनाही ही यादी निकष म्हणून मान्य नव्हती. बरं, एवढं देतो: अपील, ठरलेली मुदत आणि जिंकल्यास वकिलाचा खर्च असेल तर निदान बोलता येईल.

मृणाल_ट: सिनेटर कॉलिन्सबाईंच्या 2016 च्या प्रस्तावात नेमकं हेच होतं. नो-फ्लाय आणि सिलेक्टी (विमानतळावर जादा तपासणी होणाऱ्यांची) एवढ्याच याद्या, अपील, 14 दिवसांत निर्णय, वकिलाचा खर्च. बाजूने 52 मतं पडली, पुढे जायला 60 हवी होती.

हडसनकाठ: आधी नकार आणि मग कोर्ट, हाच तर माझा आक्षेप. सिनेटर कॉर्निन यांच्या मसुद्यात तीन दिवस विक्री थांबवून सरकारने कोर्टात सबळ कारण दाखवायचं होतं. मी त्याला मत दिलं असतं.

मृणाल_ट: तीन दिवसांत गोपनीय पुरावा कोर्टात उभा करून दाखवा, मग बोलू.