मदत हवी आहे: पोर्क रिब्ज चिवट होतायत

मंडळी नमस्कार, मी नेरूळला राहतो. सोसायटीची गच्ची वापरायला मिळते (सेक्रेटरींना एक प्लेट पोचवायची, एवढीच अट) आणि झाकणाची छोटी कोळशाची शेगडी आहे.

गेल्या रविवारी दीड किलो रिब्ज आणल्या. आलं-लसूण, काश्मिरी मिरची, व्हिनेगर, गूळ, मीठ लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्या. हाडांच्या बाजूचा पातळ पडदा सोलला. हातातून निसटतो, म्हणून टिश्यूने धरून ओढला. कोळसे एका बाजूला, रिब्ज दुसऱ्या बाजूला, निखाऱ्यांवर आंब्याच्या लाकडाचे तुकडे. दोन तासांनी रंग काय सुंदर! पण आत चिवट, आणि गूळ करपून कडू. बायको म्हणाली, "याच्यापेक्षा चप्पल मऊ असेल."

पोर्क ६३ अंश सेल्सियसला खाण्याजोगं होतं, पण रिब्ज मऊ पडायला आत ९० च्या वर जावं लागतं, तेव्हा कुठे कोलॅजन (मांस चिवट करणारं प्रथिन) नीट विरघळतं, हे नंतर वाचलं. म्हणजे वेळ कमी पडला. गूळही शेवटी लावायला हवा होता.

आता सांगा, एवढ्याशा शेगडीत चार-पाच तास १२० च्या आसपास आच कशी टिकवायची? कोळसे किती वेळाने घालता? मध्येच फॉइलमध्ये गुंडाळता का? आई म्हणते आधी कुकरला लाव, पण मग धुराची चव धरते का? शिवाय धूर पांढरा, दाट येत होता. लाकूड ओलं असेल का? वाशी-ठाण्याकडे सुकं लाकूड कुठे मिळतं?

रविवारी मेहुणा जेवायला येतोय, जरा लवकर सांगा.