हँडओव्हर कमी झाले, पण तास?

वर एका प्रतिसादात म्हटलंय की नर्सेसच्या 12 तासांच्या ड्युटीत दिवसाला हँडओव्हर (पुढच्या पाळीच्या नर्सला पेशंटची माहिती देऊन काम सोपवणं) 8 तासांच्या पाळ्यांसारखे तीन नाही, दोनच होतात, म्हणून चुकाही कमी. पहिला भाग बरोबर. पण ते 12 तास कागदावरचे; हँडओव्हर आणि राहिलेलं चार्टिंग (पेशंटच्या नोंदी लिहिणं) धरलं की तेरावा तास लागतोच. अमेरिकेत 393 नर्सेसच्या नोंदवह्यांवरून 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, काम साडेबारा तास किंवा त्यापुढे गेलं की चुकीची शक्यता तिप्पट दिसली.

दमल्यावर आधी सुटतं ते पेशंटचे श्वास मोजणं. पूर्ण मिनिट उभं राहण्याऐवजी अंदाजाने 18 किंवा 20 लिहिलं जातं, आणि पेशंट ढासळत असल्याची पहिली खूण तिथेच निसटते. मग इन्फ्युजन पंपावर (शिरेतून औषध ठरावीक वेगाने सोडणारं यंत्र) 2.5 ऐवजी 25 दाबलं जातं. इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम क्लोराइड अशा, डोस चुकला तर जिवावर बेतणाऱ्या औषधांचा हिशेब दुसऱ्या नर्सने पहिलीचं उत्तर न बघता करायचा असतो. पहाटे तीननंतर त्या पडताळणीची नुसती सही उरते. (त्या दुसरीला तरी काय बोलणार, तिच्याकडेही तेवढेच पेशंट.)

रात्रपाळीतली 20 मिनिटांची डुलकी रोस्टरमध्येच लिहा, तेवढ्या वेळात झोपलेल्या नर्सचे पेशंट कोण बघणार हेही नावानिशी. पाऊण तास झोप झाली तर उठल्यावर डोकं जड असतं, लगेच औषधं काढायला लावू नका.