तीनशे पाच म्हणजे 3005? तुराट्यांचे गठ्ठे खरंच कामाचे का?

फळा_खडू (परभणी)
तिसरीला ‘तीनशे पाच लिहा’ म्हटलं की बरीच लेकरं 3005 लिहितात. ऐकलं तसंच लिहिलं की! आधी 300, शेजारी 5. म्हणून यंदा तुराट्यांचे बोटभर तुकडे केले. दहाला सुतळी बांधली की दशक, असे दहा गठ्ठे पिशवीत घातले की शतक. तीनशे पाचला तीन पिशव्या, पाच सुट्या, मधली जागा रिकामी. तिथं शून्य कामून लागतं, ते सांगावंच लागलं नाही. माझं तर मत, हे झाल्याशिवाय फळ्यावर एकक-दशकाची घरं आखूच नयेत.

लातूरचा_बाप
सर, राग नका मानू. आमचं लेकरू महिनाभर काड्याच बांधून राहिलंय, वही कोरी. पुढं शिष्यवृत्तीची परीक्षा आहे, तिथं पिशव्या नेऊ देतेत का? आम्ही उजळणी घोकूनच शिकलो. मोंढ्यात हिशोबाला कुणी फसवलं नाही आजवर.

फळा_खडू
दादा, त्याला 42 मधून 17 वजा करायला लावा. 35 म्हणालं, तर समजा दोनातून सात जाईनात म्हणून त्यानं सातातून दोन काढले. हातात काड्या असल्या की एक गठ्ठा सोडावाच लागतो, सुट्या बारा होतात.

चिंचोका (जालना)
मीही शिकवते, पण सर, गठ्ठे कुठंकुठं मास्तरच घरून बांधून आणतात! मग लेकरं बांधलेला गठ्ठाही एक, दोन, तीन करत दहापर्यंत मोजतात. दहाचं मिळून ‘एक’ झालं, हे कळलंच नाही. अन् खेळातल्या नोटा लगेच नकोत. शंभराची नोट दहाच्या दहापट मोठी थोडीच दिसते?

सोयाबीनवाला
खरी मेख भाषेत आहे. पंचवीस म्हणताना पाच आधी येतो, लेकरू 52 लिहितं. एकोणसाठ ऐकलं की 69. बालभारतीनं 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असं वाचन दिलं, तर केवढा गदारोळ केला आपण.

लातूरचा_बाप
‘वीस पाच’ नकोच, बाजारात हसतील.
बाकी काल पोराला 42 वजा 17 दिलं. 35 च म्हणालं. महिनाभर काड्या बांधून! गठ्ठा सोडून बघ म्हणलं, तर म्हणतंय, ‘सोडला की बाई रागावतात.’