कॉर्डलेस ट्रिमर: १२ व्होल्ट की १८?

घोडबंदरकर: फ्लॅटच्या बाल्कनीत शेल्फ, चौरंग अशी किरकोळ कामं करतो. लाकडाच्या कडा नि खाचा कापायच्या ट्रिमरची वायर सारखी मध्ये येते. १८ व्होल्टचा मकिटा ड्रिल घरात आहेच. काय घेऊ?

ऐरोलीचा सुतार: अहो, मग विचार कसला करताय? बॅटरी आहे तर नुसती बॉडी घ्या, मकिटाचाच १८ व्होल्टचा ट्रिमर, डीआरटी५०. ब्रशलेस आहे, म्हणजे मोटरमध्ये झिजणारे कार्बन ब्रश नाहीत; मिनिटाला १०,००० ते ३०,००० फेरे. सनमायकाच्या कडा, गोलाई झकास होते. सागात खोल खाच मारायची तर दोन-दोन मिलिमीटरने उतरा. एकदम घुसवलंत तर लाकूड काळं पडतं नि बॅटरी मान टाकते. बिट, म्हणजे कापायचं पातं, घेताना मात्र दांडा मापून घ्या. ६ मिमी आणि पाव इंची डोळ्यांना सारखेच दिसतात, पण पाव इंच म्हणजे ६.३५. पाव इंची कॉलेटमध्ये (बिटचा दांडा धरणारी पकड) ६ चा बिट कितीही आवळा, धरणार नाही.

घोडबंदरकर: आवाज कमी असतो का? शेजारी काकू आहेत.

ऐरोलीचा सुतार: छे! लाकूड कापताना बिट बोंबलणारच, वायर असो-नसो. दुपारची झोप सोडून चालवा.

नेरुळवाला: व्हॅक्यूमही जोडा. एमडीएफचा भुसा वाळत घातलेल्या कपड्यांवर बसला की काकू परवडल्या.