टाचेची शीर वाढवली की शुगरच्या जखमा "कायमच्या" मिटतात म्हणे!

रानवाट: परवा इथे कुणीतरी ठोकून दिलं की शुगरवाल्यांनी चवड्याला जखम व्हायची वाटच बघू नये, टाचेमागची शीर (रक्ताची नस नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा दोरीसारखा पट्टा) आधीच वाढवून म्हणजे लांब करून घ्यावी, तीन बारीक छेद, प्रश्न कायमचा मिटला. तेव्हापासून डोकं फिरलंय. माझ्या वडिलांची झालीय ही सर्जरी. चवड्याची जखम भरली, नाही म्हणत नाही. पण शीर प्रमाणाबाहेर ढिली झाली, पोटरीचा जोरच गेला, प्रत्येक पावलाला सगळा भार धप्पकन टाचेवर, आणि चार महिन्यांत टाचेला भोक. टाचेचं ड्रेसिंग ज्यांनी केलंय त्यांना विचारा ते काय असतं. असं होऊ शकतं हे आम्हाला आधी एका शब्दाने कुणी सांगितलं नाही.

मधली_वाट: वडिलांचं ऐकून वाईट वाटलं, पण एका पायावरून सगळ्यांना घाबरवू नका. २००३ चा अमेरिकेतला अभ्यास आहे, ६४ पेशंट, सगळ्यांना चवड्याला जखम, घोटा ताठ. निम्म्यांना जखमेवरचा भार कमी करणारं नुसतं प्लॅस्टर, निम्म्यांना प्लॅस्टर आणि शीर वाढवणं. सात महिन्यांत जखम परत आली ती नुसत्या प्लॅस्टरवाल्यांत ५९ टक्के, शीर वाढवलेल्यांत १५. हा फरक छोटा आहे का? शुगरने शीर आखडते, घोटा वर वळत नाही, मग चालताना टाच लवकर उचलली जाते आणि चवडा चेंगरतो. नुसती मलमपट्टी करून काय होणार?

रानवाट: दोन वर्षांचा आकडा का गाळलात? ८१ आणि ३८. म्हणजे शंभरात अडतीस जणांना परत झालीच, याला कायमचं म्हणतात का? आणि टाचेला जखमा त्याही अभ्यासात झाल्यात. शिवाय त्या सगळ्यांना आधीच जखम होती. न झालेल्या जखमेसाठी चांगल्या पायाला छेद द्यायचा याला त्यात काय आधार आहे?

ओसरी: तुम्ही दोघं टाचेवर भांडताय, बोटाचं वेगळं असतं. आईचं दुसरं बोट खेकड्याच्या नांगीसारखं वळलेलं, शेंड्याला घट्टा, घट्ट्याखाली काळं. बोटाखालची शीर सुईने सोडवली, पाच मिनिटं, पाय बधिरच त्यामुळे तिला काही कळलं नाही, चालत घरी. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही आहे हे. शेजारच्या बोटावर भार येऊन तिथे घट्टा झाला, तेवढं मात्र लक्ष ठेवावं लागतं.

खडा_सवाल: अहो कशाला चिरफाड, पायावरचा भार कमी करायला दिलेले खास बूट घाला ना! पेशंट ऐकतच नाहीत, अनवाणी फिरतात आणि मग रडतात.

ओसरी: हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. "पेशंट ऐकत नाही." तो बूट घालून बघितलाय कधी? एक पाय उंच, एक खाली, कंबर धरते, जिना उतरताना जीव मुठीत. आई रात्री बाथरूमला उठली, बूट घालायला वाकता येईना, गेली तशीच. सकाळी फरशीवर पलंगापासून दारापर्यंत लाल ठसे, आणि तिला वाटलं कुणीतरी कुंकू सांडलं. स्वतःचा पाय फाटलाय हे तिला माहीतच नाही. दुखत नाही म्हणून बूट आठवत नाही, हा आजारच आहे तो, हट्टीपणा नाही.

खडा_सवाल: भावना बाजूला ठेवून बोला जरा. बूट काढून ठेवला तर उपयोग शून्य, हे खोटं आहे का?

मधली_वाट: खोटं नाही, पण दोष कुणाला देताय? काढता येणाऱ्या बुटांत पावलं मोजणारं यंत्र बसवून बघितलंय, दिवसातली जेमतेम २८ टक्के पावलं बुटात पडली होती. म्हणूनच तर जखम असताना न काढता येणारं प्लॅस्टर घालतात. आणि भरल्यावरही वर्षभरात चाळीसेक टक्के लोकांना परत होते. कायम प्लॅस्टरमध्ये ठेवणार का माणसाला? तिथे शीर वाढवण्याचा विचार येतो.

खडा_सवाल: बरं, "ऐकत नाहीत" हे मागे घेतो. बुटाचं मागे घेणार नाही.

रानवाट: ज्याला पुन्हा पुन्हा होतेय, रक्तपुरवठा चांगला आहे, त्याच्यासाठी मी नाही म्हणत नाही. पण टाचेचं आधी सांगा.

मधली_वाट: "कायमचा" हा शब्द चुकीचाच होता, मान्य. एक विचारू? वडिलांचा गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दोन्ही प्रकारे पाऊल किती वर येतं ते बघितलं होतं का? वाकवल्यावर येत असेल तर फक्त पोटरीचा वरचा स्नायू आखडलेला असतो, तेवढाच वर सोडवता येतो. त्यात शीर अति ढिली व्हायची भीती कमी.

रानवाट: झोपवून एकदाच बघितलं, पाय सरळ. पण खुर्चीत बसले की पाऊल वर यायचं त्यांचं, घट्टा घासायला मीच धरायचो ते. हे विचारायचं असतं हे मला आज कळतंय.