पांढऱ्या पेशी इतक्या वाढल्यात, तरी बेंबी बरी का होत नाही?

मीनल_नाशिक
माझ्या बहिणीच्या बाळाची नाळ पाचवा आठवडा लागला तरी पडली नव्हती. बेंबीभोवती लालभडक, ओलसर, पण पू अजिबात नाही. सीबीसीत पांढऱ्या पेशी ५८,०००! आता एलएडी-१चं, म्हणजे पांढऱ्या पेशी नीट चिकटत नाहीत अशा जन्मजात आजाराचं, निदान झालंय. डॉक्टर म्हणाले, "पेशी भरपूर आहेत, पण त्या चिकटत नाहीत." त्यांना चिकटायची गरजच काय? रक्तातून सगळीकडे फिरतातच ना? बहीण सारखी विचारते. कुणी नीट समजावून सांगाल का?

फ्लो_लॅब_परळ
मीनलताई, मी फ्लो सायटोमेट्रीच्या, म्हणजे पेशींवरची प्रथिनं मोजणाऱ्या तपासणीच्या, लॅबमध्ये काम करतो. जंतू असतात रक्तवाहिनीच्या बाहेर, ऊतींमध्ये. रक्ताच्या ओढीतून तिकडे जायचं तर पेशीला आधी वाहिनीची भिंत धरावी लागते. सिलेक्टिन प्रथिनांमुळे ती भिंतीवरून गडगडत सावकाश होते, एवढं बाळाच्या पेशींना जमतं. पुढे इंटिग्रिन नावाच्या पकड प्रथिनांनी घट्ट धरून थांबायचं आणि भिंतीतून पलीकडे सरकायचं. त्या पकडीला इंटिग्रिनचा सीडी१८ हा भाग लागतो, नेमका तोच नाही. म्हणून पेशी रक्तातच साचतात आणि आकडा फुगतो. नाळ गळायलाही याच पेशी तिथे पोचाव्या लागतात.

आणि पू म्हणजे मुख्यतः जखमेपर्यंत पोचून मेलेल्या पांढऱ्या पेशी. त्यामुळे पू दिसत नाही म्हणून संसर्ग नाही, असं कृपया धरून चालू नका. ताप आला तर मध्यरात्रीही दवाखाना गाठा.

सीडी१८च्या रिपोर्टच्या आलेखात निरोगी माणसाचा उंचवटा उजवीकडे सरकलेला असतो, बाळाचा डावीकडेच राहिलेला दिसेल. सीडी१८ २ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर आजार तीव्र समजतात.

मीनल_नाशिक
०.७ टक्के लिहिलंय, दादा. मग या पेशींचं आपापसातलं बोलणंही बंद असतं का?

फ्लो_लॅब_परळ
पूर्ण बंद नाही. सीडी१८ हा एलएफए-१ या इंटिग्रिनचा एक भाग. डेंड्रिटिक पेशी (जंतू पकडून त्यांची ओळख करून देणारी पेशी) जंतूचा तुकडा टी पेशीला (तो ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशीला) दाखवते, तेव्हा टी पेशीचं एलएफए-१ समोरच्या पेशीवरच्या आयकॅम-१ या प्रथिनाला धरतं. १९९८ साली अब्राहम कुप्फर यांच्या गटाने सूक्ष्मदर्शकाखाली ती जागा दाखवली: मधोमध टी पेशीचे रिसेप्टर (तुकडा ओळखणारी प्रथिनं), भोवती एलएफए-१चं कडं. मला ते चित्र फार आवडतं. रिसेप्टरची स्वतःची पकड नाजूक, त्यामुळे तुकडा ओळखून होईपर्यंत दोन्ही पेशींना जवळ धरून ठेवणारं कुणीतरी लागतंच. बाळाच्या पेशींत सीडी२सारखे दुसरे रेणू थोडाफार आधार देतात. मोठं संकट जिवाणू आणि बुरशीचं.

साताऱ्याची_आई
मीनल, माझ्या लेकीला हेच होतं. मोठ्या भावाचा बोन मॅरो जुळला, आता शाळेत जाते. भावंडांची आणि आईवडिलांची एचएलए तपासणी (बोन मॅरो जुळतो का ते बघणारी) आत्ताच करून घ्या, थांबू नका. बहिणीला सांग, गरोदरपणात तिचं काहीही चुकलेलं नाही. सदोष जनुक दोघांकडून येतं आणि दोघंही ठणठणीत असतात. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते, म्हणून त्याआधी जनुकीय सल्ला घ्यायला सांग. आणि बाळाला दात येऊ लागले की रोज हिरड्या बघत जा, आमच्याकडे दुखणं बहुतेक वेळा तिथूनच सुरू व्हायचं.