वर्गातल्या कुणी तुम्हाला धडा किंवा कविता शिकवली? अनुभव सांगा

खिडकीजवळची:
काल लेक मैत्रिणीशी फोनवर कडाकडा भांडत होती. विषय काय, तर धड्यातला मुलगा खोटं का बोलला. ते ऐकताना आमचा नववीचा मराठीचा तास आठवला.

एका धड्यात मुलगा घर सोडून निघतो आणि आई त्याच्याशी शेवटपर्यंत बोलत नाही. बाईंनी विचारलं, आई कठोर आहे का? पुढच्या बाकांनी एका सुरात 'हो'. गाईडात स्वभावविशेष म्हणून तेच छापलेलं. तेवढ्यात मागच्या बाकावरची, कधीही हात वर न करणारी मुलगी म्हणाली, "पण बाई, तो गेल्यावर तिने कडी नाही लावली. रात्र झाली तरी." सगळ्यांनी पानं उलटली. खरंच होतं, जेमतेम एक ओळ. उरलेला तास त्या कडीवर वाद. विसरली असेल की मुद्दाम? एक जण म्हणाला, नुसती विसरली असती तर लेखकाने ती ओळ कशाला खर्च केली असती? त्यानंतर वर्गात कुणी काही मत ठोकलं की बाकीचे ओरडायचे, "ओळ दाखव!"

तुम्हाला असं कुणी भेटलं का? लिहा.

अर्धविराम:
भुजंगप्रयात!! सरांनी फळ्यावर य य य य लिहिलं, बारा अक्षरं मोजली, माझ्या डोक्यात शून्य प्रकाश. शेजारच्याने बाकावर ठेका धरला, ल गा गा ल गा गा, आणि त्यावर मनाचे श्लोक म्हणायला लागला. लहानपणापासून पाठ होते की ते! वृत्त तोंडात होतं, फक्त नाव माहीत नव्हतं. यमाताराजभानसलगं मात्र आजतागायत कळलेलं नाही.

दुपारची झोप:
@अर्धविराम अहो सोपं आहे. ज्या गणाचं अक्षर असेल तिथून पुढची तीन घ्यायची. य म्हणजे य-मा-ता, लघु गुरु गुरु. त म्हणजे ता-रा-ज, गुरु गुरु लघु. झालं.

अर्धविराम:
तुम्ही माझ्या वर्गात का नव्हता?

दुपारची झोप:
होतो कदाचित. झोपलेला.

बोरूबहाद्दर:
आमच्याकडे कसलं काय. गटचर्चा म्हणजे एकीने लिहायचं, चौघांनी उतरवायचं. ती एक मी. रसग्रहण माझं, गुण सगळ्यांना. वर बाई म्हणायच्या, किती छान एकजूट आहे!

सावकाश:
आमच्या वर्गात एक मुलगा बोलताना अडखळायचा. गद्य वाचायला उठवलं की मुलं खुसखुस करायची. एकदा कवितेचा नंबर त्याचा आला. त्याने चालीत म्हटली, कुठेही न अडता. (लयीत किंवा गाऊन म्हणताना बऱ्याच जणांचं अडखळणं कमी होतं, हे मला फार नंतर समजलं.) पण मी शिकले ते वेगळंच. ओळ संपली म्हणून तो थांबला नाही, अर्थ संपला तिथे थांबला. तोवर आम्ही सगळे प्रत्येक ओळीच्या शेवटी धाडकन ब्रेक मारायचो.
बस आली, बाकीचं नंतर.

खिडकीजवळची:
@सावकाश किती सुंदर! नक्की ये परत.
@बोरूबहाद्दर अगं, असं एक जण प्रत्येक गटात असतंच, नाही का :(

मास्तरीणबाई:
बोरूबहाद्दर, त्यावर उपाय आहे. मी धड्याचे तुकडे करते. आधी एकच तुकडा मिळालेली मुलं एकत्र बसून तो पक्का करतात, मग आपापल्या गटात परत जाऊन तो शिकवतात. दुसऱ्याचा तुकडा आपल्याकडे नसतोच, त्यामुळे ऐकावंच लागतं. युक्ती माझी नाही, एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने 1971 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत ती सुरू केली. तिथे वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि वातावरण तापलेलं होतं. मात्र कवितेला ही पद्धत मी वापरत नाही. कविता आधी अख्खी ऐकायची, मग काय ते.

बोरूबहाद्दर:
बाई, हे तीसेक वर्षं आधी सांगायचंत!

पिंपळपान:
उपमा, उत्प्रेक्षा, रूपक. सर सांगायचे 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा, 'सारखा' दिसलं की उपमा. आणि शब्दच नसला तर? मैत्रिणीने मधल्या सुट्टीत सांगितलं, "चंद्रासारखं म्हणाली तर चंद्र वेगळा, मुख वेगळं. जणू चंद्रच, म्हणजे तिला तसं वाटतंय. मुखचंद्र म्हटलं की भेदच संपला." ती पुढे गणिताकडे गेली, मराठीचं नुकसान झालं.

उंबरठा:
दहावीला पसायदान. आम्ही भराभर अर्थ लिहून मोकळे. वर्गातला सगळ्यात मारकुटा पोरगा उठून म्हणाला, "सर, यात दुष्ट मरू देत असं कुठेच नाही. त्यांचा वाकडेपणा जाऊ दे, एवढंच मागितलंय." सर दोन मिनिटं गप्प. तेराव्या शतकातलं मागणं आणि ते बरोबर पकडलं कुणी, तर रोज कुणाची तरी कॉलर धरणाऱ्याने. त्याला ते का दिसलं असेल, हे मी कधी विचारलं नाही.

दुपारची झोप:
मग त्याचा मारकुटेपणा गेला का?

उंबरठा:
छे! दुसऱ्याच दिवशी माझा डबा पळवला.

पिंपळपान:
😂😂 अवांतर: कुणाकडे जुनी मराठीची पाठ्यपुस्तकं आहेत का? नववीचं हवंय.

खिडकीजवळची:
माझ्याकडे दहावीचं आहे, मागचं कव्हर गेलंय. चालेल?

पिंपळपान:
पळेल. पण नववीचं मिळालं तर आधी ते. ती कडीची ओळ बघायचीय.